औषधाच्या बाटलीमागची शाळा

आज मला ज्या शाळेविषयीं बोलावयाचें आहे ती शाळा आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं आंतून पाहिली असेल. परंतु तिच्यांत काय शिकविलें जातें आणि तें नीट शिकविलें जातें कीं नाहीं, यावर आपणां प्रत्येकाच्या घरांतील कोणाचें तरी जीवित केव्हां ना केव्हां अवलंबून राहिलेलें असतें. ही शाळा म्हणजे औषधें तयार करण्याचें आणि तीं रोग्याच्या हातीं देण्याचें शिक्षण देणारी शाळा. लोक तिला फार्मसी कॉलेज म्हणतात. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेंतील मुलांना पाढे, व्याकरण आणि इतिहास शिकविला. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. रसायनशास्त्राचा अधिकार मजपाशीं नाहीं. तेव्हां औषध कसें करावें हें सांगण्याचें धाडस मी करणार नाहीं. औषध करणाऱ्याला शाळेंत घालून शिकविलें पाहिजे असें माणसांना कधीं आणि कां वाटलें, एवढाच इतिहास मी आपणांपुढें ठेवणार आहें.

या विषयाकडे माझें लक्ष वळलें त्याला एक घरगुती कारण आहे. सुमारें ५५ वर्षांपूर्वींची ती गोष्ट. खाडीकांठच्या आमच्या गांवीं एक खासगी दवाखाना होता. डॉक्टर बाहेरच्या खोलींत रोगी तपाशीत आणि आंतल्या फळीआड कंपाउंडर औषध करी. रोग्यानें बाटली घरून धुवून न्यावयाची. कंपाउंडर तींत मोठ्या बरणींतून औषध ओती, आणि कात्रीनें दांते पाडलेली कागदाची पट्टी खळ लावून बाटलीच्या अंगावर चिकटवी. एक दांता म्हणजे एका वेळचें औषध. ज्यांनीं तशा बाटल्या पाहिल्या आहेत त्यांना त्या औषधाचा वाससुद्धां आतां आठवेल.

माझी धाकटी बहीण तेव्हां तीन वर्षांची होती. तिला जुलाब लागले म्हणून आजीनें दवाखान्यांतून बाटली आणली आणि पट्टीवरील खुणेबरहुकूम दिवसांतून तीन वेळां औषध दिलें. आजीच्या हातून यत्किंचितहि चूक झाली नाहीं. परंतु त्या औषधांतील मुख्य द्रव्य पाण्यांत विरघळणारें नव्हतें. तें तळाशीं बसे. बाटली हलवून मग औषध ओतावें, हें तिला कोणी सांगितलें नव्हतें आणि बाटलीवर कोठें लिहिलेलेंहि नव्हतें. पहिले दोन दिवस पोरीला नुसतें वरचें रंगीत पाणी मिळालें. तिसऱ्या दिवशीं अखेरच्या दोन खुणांत सारा गाळ तिच्या पोटांत गेला. दिवेलागणीपासून तिला जी ग्लानि आली ती रात्रभर उतरली नाहीं. डॉक्टर तरीनें पलीकडच्या गांवीं गेलेले. ते पहांटे आले, त्यांनीं बाटलीचा तळ उजेडाला धरून पाहिला, आणि कांहीं न बोलतां दोन प्रहरपर्यंत पोरीच्या उशाशीं बसून तिला सांवरलें. माझी बहीण वांचली. आज तिला नातवंडें आहेत. पण आजीनें मात्र मरेपर्यंत स्वतःलाच बोल लावला.

त्या कंपाउंडरला मी आज दोष देत नाहीं. तो सज्जन होता, हाताचा स्वच्छ होता, गोरगरिबांकडून पैसे मागतांना संकोचणारा होता. तो चौथीपर्यंत शिकला होता आणि पुढचें सारें धन्याच्या हाताखालीं पाहून पाहून शिकला होता. जें त्यानें पाहिलें तें त्याला येत होतें. जें कोणी दाखविलें नाहीं तें त्याला येत नव्हतें. ‘हलवून घ्यावें’ हे दोन शब्द त्याला कोणी दाखविले नव्हते. पुष्कळ वर्षांनीं ही हकीकत मीं माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीस सांगितली. ती आज आमच्या जिल्ह्यांतील एका फार्मसी कॉलेजांत शिकविते. ती म्हणाली, “गुरुजी, आमच्याकडे त्या दोन शब्दांवर एक आख्खा धडा आहे.” तिनें मला एके दिवशीं आपलें कॉलेज हिंडून दाखविलें. तेथून परततांना एक गोष्ट माझ्या मनांत पक्की झाली, आणि तीच आज मला सांगावयाची आहे: त्या शाळेंतील प्रत्येक विभाग कोणाच्या तरी चुकीची किंमत मोजून उभा राहिलेला आहे.

आपल्या जुन्या वैद्यकांत औषध करणारा असा निराळा माणूसच नव्हता. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधी द्रव्य, परिचारक आणि रोगी. या चौघांत औषध विकणारा किंवा कुटणारा पांचवा कोणी नाहीं. वैद्यानेंच रान ओळखावयाचें, मुळी खणावयाची, खलांत घोटावयाची आणि मात्रा स्वतःच्या हातानें द्यावयाची. या रीतींत एक मोठा गुण होता. औषध बाधलें तर जबाबदार कोण, हा प्रश्नच उद्भवत नसे. परंतु एका वैद्याच्या दोन हातांना जेवढी माणसें पुरतील तेवढ्यांपुरतीच ही रीति चालते. हजारों रोग्यांच्या इस्पितळाला ती पुरत नाहीं.

युरोपांत ही दोन कामें फार पूर्वीं वेगळीं झालीं. इ. स. १२४० च्या सुमारास सिसिलीचा राजा, सम्राट दुसरा फ्रेडरिक, यानें हुकूम काढला कीं, वैद्यानें औषधविक्याशीं धंद्यांत भागी करूं नये, औषधाची किंमत ठरलेली असावी, आणि औषध करणाऱ्यानें शपथ घेऊन तें नियमाप्रमाणें करावें. लिहिणारा एक आणि देणारा दुसरा असला म्हणजे एकाचा लोभ दुसऱ्याला पोसत नाहीं, आणि एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येऊं शकते. परंतु एवढें होऊनहि औषध करणाऱ्याचें शिक्षण पुढें कित्येक शतकें उमेदवारीचेंच राहिलें. पोरानें दुकानांत राहावयाचें, खल घासावयाचा, बरण्या पुसावयाच्या आणि धन्याचें पाहून शिकावयाचें. आमच्या गांवच्या कंपाउंडरचें शिक्षण म्हणजे याच परंपरेचें शेवटचें टोंक होय.

मग ही उमेदवारी अपुरी कां पडूं लागली? याचें उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या रसायनशास्त्रांत आहे. त्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील सेर्ट्युर्नर नांवाच्या औषधविक्याच्या तरुण मदतनिसानें अफूंतून मॉर्फीन वेगळें काढलें. १८२० सालीं पेलतिए आणि कावांतू या दोघां फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनीं सिंकोन्याच्या सालींतून क्विनीन काढलें. पूर्वीं सालीची चिमूटभर पूड कमीअधिक झाली तरी फारसें बिघडत नसे. आतां तेंच सत्त्व पांढऱ्या कणांच्या रूपानें हातीं आलें, आणि डोळ्यांना न दिसण्याइतका फरक माणसाला मारूं किंवा तारूं लागला. चिमूट गेली आणि तराजू आला. तराजूबरोबर शाळा येणें भाग होतें. पॅरिसची शाळा १८०३ च्या सुमाराची, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाची १८२१ ची, आणि लंडनच्या फार्मास्युटिकल सोसायटीची शाळा १८४२ ची.

श्रोतेहो, हें १८४२ साल आपण ध्यानांत ठेवावें. कारण त्याच वर्षीं, लंडनपासून हजारों कोस दूर, आमच्या कोंकणपट्टीच्या दक्षिण टोंकास पणजी येथें पोर्तुगीज सरकारनें वैद्यकाची शाळा स्थापिली. तिचें नांव एस्कोला मेदिको-सिरुर्जिका द गोवा. या शाळेंत वैद्यक व शस्त्रक्रिया यांच्या जोडीनें औषधनिर्मितीचा निराळा अभ्यासक्रम होता. आपल्या देशांत औषध करणाऱ्याला रीतसर शिक्षण देण्याच्या प्रयत्नांत पणजीचा क्रमांक पहिला धरतात. शिकविण्याची भाषा पोर्तुगीज, शिकणारे गोव्याचे. तेथून शिकून निघालेले कित्येक जण पोर्तुगीजांच्या आफ्रिकेंतील मुलखांतहि चाकरीस गेले. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला, आणि १९६३ सालीं त्या जुन्या शाळेच्या औषधशाखेपासून गोव्याचें स्वतंत्र फार्मसी कॉलेज झालें. तेरेखोल ओलांडली कीं लागणाऱ्या मुलखांत ही विद्या इतकी जुनी आहे, हें आम्हां रत्नागिरीकरांपैकीं किती जणांना ठाऊक असेल?

आतां मुंबईकडे वळूं. तेथें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें. त्याच्या पहिल्या पदवीधरांत मूळचे पेडणें महालांतील डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊंचे धाकटे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं देशी औषधी वनस्पतींचा अभ्यास आरंभिला. याच कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनीं मुंबईच्या बाजारांत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूचि १८७९ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते त्यांपैकीं ते एक. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचे अधिकारी विल्यम डायमॉक यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील वनस्पतिज औषधांवर ग्रंथ लिहिला, आणि नंतर वॉर्डन व हूपर यांच्या साहाय्यानें ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा मोठा ग्रंथ १८९३ पर्यंत पुरा केला. हीं सारीं माणसें विद्वान होतीं आणि त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु एक विपरीत गोष्ट पाहा. औषधांचें हें ज्ञान ज्याला मिळालें तो डॉक्टर झाला. औषध ज्याच्या हातून रोग्याला मिळे तो कंपाउंडर मात्र या वर्गांच्या दाराबाहेरच राहिला. पुढें प्रांतोप्रांतीं इस्पितळांतून कांहीं काळ काम करून कंपाउंडरची परीक्षा देण्याची सोय झाली. तरी ती परीक्षा दिलीच पाहिजे असें बंधन कोणावर नव्हतें. ज्याला वाटेल त्यानें दुकान मांडावें आणि ज्याला वाटेल त्यानें पुड्या बांधाव्या, अशी स्थिति होती.

या स्थितीला तोंड फुटलें तें हिंवतापाच्या औषधामुळें. बाजारांत मिळणाऱ्या क्विनीनमध्यें भेसळ होते, कमी वजनाच्या गोळ्या खपतात, अशी ओरड सुरू झाली. ज्या कोंकणांत पावसाळा उतरला कीं घरोघर थंडीतापाचीं अंथरुणें पडत, तेथें खोट्या क्विनीनचा अर्थ काय होतो हें मीं सांगावयास नको. १९२७ सालीं पुण्याचे सर हारून जाफर यांनीं कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें औषधांवर नियंत्रण असावें असा ठराव मांडला. १९३० च्या ऑगस्ट महिन्यांत सरकारनें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमली. मुंबईच्या हाफकिन संस्थेंत औषधांच्या गुणधर्मांचें संशोधन करणारे फादर कायस हे तिचे एक सभासद होते. समितीनें देशभर हिंडून साक्षी घेतल्या आणि १९३१ सालीं अहवाल दिला. त्याचें सार असें कीं, औषधांसाठीं कायदा हवा, औषधें तपासण्याच्या प्रयोगशाळा हव्या, आणि औषध देणाऱ्याला शिक्षण देऊन त्याची नोंद ठेवली पाहिजे.

अहवाल झाला, पण कायद्याला वेळ लागला. औषधांचा कायदा १९४० सालीं झाला आणि औषध देणाऱ्यांचा, म्हणजे फार्मसी ॲक्ट, १९४८ सालीं. मधल्या काळांत सरकारची वाट न पाहतां एका गृहस्थानें काम आरंभिलें. त्यांचें नांव महादेव लाल श्रॉफ. अमेरिकेंत शिकून आलेल्या या बिहारी तरुणानें १९३२ सालीं काशी हिंदु विश्वविद्यालयांत औषधी रसायनाचा अभ्यासक्रम सुरू केला. १९३७ सालीं तेथें फार्मसीची तीन वर्षांची पदवी आली. मुंबई विद्यापीठाची माटुंग्याची रसायनतंत्राची संस्था १९३३ सालीं निघाली आणि पुढें तींत औषधांच्या तंत्राचा समावेश झाला. १९४६ सालीं भोर समितीनें आपल्या अहवालांत तीन पायऱ्या सुचविल्या: दुकानांत व इस्पितळांत औषध देणारा परवानाधारक, पदवीधर, आणि कारखान्यांतील तंत्रज्ञ. तत्कालीन मुंबई प्रांतांतील अहमदाबादचें एल. एम. कॉलेज १९४७ चें; मुंबईंत कालिना येथील बाँबे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ चें. आज रत्नागिरींत थिबा राजवाड्याजवळ सरकारी फार्मसी कॉलेज आहे. खेड्यांतील मुलगी तेथें जाऊन ही विद्या शिकूं शकते.

१९४८ च्या कायद्यांतील दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध देण्याचें काम नोंदलेल्या फार्मासिस्टानेंच केलें पाहिजे, असें त्यानें ठरविलें. दुसरी ही कीं, ज्यांनीं इस्पितळांत किंवा दवाखान्यांत औषधें करण्यांत निदान पांच वर्षें घालविलीं होतीं अशा जुन्या कंपाउंडरांनाहि पहिल्या नोंदणींत जागा दिली. कायद्यानें जुन्या हातांना उपाशी टाकलें नाहीं, आणि नव्या हातांना शिक्षणावांचून आंत घेतलें नाहीं. १९४९ सालीं फार्मसी कौन्सिल स्थापन झालें आणि देशभर शिक्षणाचें एकच मान असावें अशी व्यवस्था झाली.

आतां त्या शाळेच्या आंत जाऊं. माझ्या विद्यार्थिनीनें मला एकेक विभाग दाखविला, आणि प्रत्येक ठिकाणीं मीं एकच प्रश्न विचारला: हा विभाग नसता तर काय झालें असतें?

पहिला विभाग वनस्पतिज औषधांच्या परीक्षेचा. त्याला फार्माकॉग्नोसी असें अवघड नांव आहे. कपाटांत सालीं, मुळ्या, बिया बरण्यांतून ठेवलेल्या, टेबलावर सूक्ष्मदर्शक. तिनें माझ्यापुढें सालीचे दोन तुकडे ठेवले आणि विचारलें, “यांत कुडा कोणता?” मी कोंकणांत जन्मलेला, आंवेवर कुड्याच्या सालीचा काढा मीं प्यालेला आहे. तरी मला सांगतां आलें नाहीं. एक पांढरा कुडा होता, आणि दुसरा काळा कुडा. दोन्ही झाडांना पांढरा चीक, दोहोंचीं फुलें पांढरीं, दोहोंच्या शेंगा जोडीनें लोंबणाऱ्या. पण आंवेवर गुण आहे तो पांढऱ्याच्या सालीला. बाजारांत एकाच्या नांवाखालीं दुसरी साल खपते. वाळून तुकडे झालेली साल डोळ्यांना फसविते. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र तिच्या पेशी आपलें नांव सांगतात. याच विभागांत मीं नरक्याचें लांकूड पाहिलें. कर्करोगावरील औषधांसाठीं लागणारें कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य या सह्याद्रींतील झुडपांत सांपडतें. तें कळल्यापासून रानांत त्याची बेसुमार तोड झाली. वनस्पति ओळखण्याबरोबर ती राखावी कशी, हेंहि येथें शिकवावें लागतें.

दुसरा विभाग औषधी रसायनाचा. त्याच्या दारांत आपण सर्वांनीं क्षणभर उभें राहावें असें मला वाटतें. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फा औषध पातळ करण्यासाठीं एका कारखान्यानें डायएथिलीन ग्लायकॉल वापरलें. चव गोड, रंग चांगला, वास रास्पबेरीचा. हें द्रव्य विष आहे कीं काय, हें कोणी तपासलेंच नाहीं. शंभराहून अधिक माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, प्राणांस मुकलीं. आणि पुढच्याच वर्षीं त्या देशानें कडक कायदा केला. ही परदेशची गोष्ट म्हणून आपण सुस्कारा टाकावा, तों १९८६ सालीं आपल्या मुंबईंत, सर जे. जे. इस्पितळांत, तेंच विष पुन्हां अवतरलें. रोग्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्यें तेंच डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलें होतें. १४ रोगी दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली, तेव्हां दिसून आलें कीं, खरेदीपासून तपासणीपर्यंत ज्या ज्या ठिकाणीं कोणी तरी थांबून पाहावयास हवें होतें, तेथें तेथें माल पुढें सरकला. २०२२ सालीं आफ्रिकेंतील गांबिया देशांत लहान मुलें दगावलीं, तेव्हां भारतांत बनलेल्या चार पातळ औषधांत याच जातीचीं विषें आढळल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनें दिला. १९३७ मध्यें जें कळलें होतें तें २०२२ मध्यें विसरलें गेलें. रसायनाच्या विभागांत विद्यार्थी परीक्षानळी हातांत धरून ग्लिसरीन शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहतो, तेव्हां तो नुसता गुणांसाठीं प्रयोग करीत नसतो. परीक्षेचा कंटाळा आलेल्या मुलांना हा इतिहास वर्गांत सांगितला पाहिजे.

तिसरा विभाग प्रत्यक्ष औषधनिर्मितीचा, फार्मास्युटिक्सचा. गोळ्या दाबण्याचें यंत्र, मलम घोटण्याची फरशी, मापाचे पेले, तराजू. येथेंच मला माझ्या बहिणीची बाटली भेटली. न विरघळणारी पूड पाण्यांत तरंगत कशी ठेवावी, ती खालीं बसली तरी हलवितांच पुन्हां सारखी कशी मिसळावी, आणि अशा प्रत्येक बाटलीवर ‘हलवून घ्यावें’ ही चिठ्ठी कां लावावी, याचा तो धडा. तेथें एक जुना दाखला अजून शिकवितात. आमच्या काजऱ्याच्या बियांतून स्ट्रिक्नीन नांवाचें जहाल विष निघतें. अत्यल्प मात्रेंत तें पूर्वीं शक्तिवर्धक म्हणून देत. त्याच्या पातळ औषधांत ब्रोमाइडचा क्षार मिसळला तर स्ट्रिक्नीन हळूहळू स्फटिक होऊन तळाशीं बसतें. वरच्या मात्रा निरुपद्रवी, शेवटची प्राणघातक. दोन औषधें वेगवेगळीं चांगलीं असूनहि एकत्र आलीं कीं वैर करतात, हें डॉक्टरच्या घाईंत राहून जाऊं शकतें. तें पकडणें हें फार्मासिस्टाचें काम. हा दाखला ऐकतांना मला पहांटे उजेडाला धरलेली ती बाटली दिसली, आणि मी कांहीं वेळ बोलूं शकलों नाहीं.

चौथा विभाग औषधाचें शरीरांत काय होतें हें शिकविणारा, फार्माकॉलॉजीचा. या शास्त्राची पहिली स्वतंत्र प्रयोगशाळा बुखहाइम यांनीं १८४७ च्या सुमारास दोर्पात येथें, आजच्या एस्टोनिया देशांत, उघडली. लहान मुलाला किती द्यावें, म्हाताऱ्याला किती, गरोदर बाईला काय मुळींच देऊं नये, हें येथें कळतें. थॅलिडोमाइड नांवाची झोंपेची गोळी निर्धोक म्हणून युरोपांत गरोदर स्त्रियांना दिली गेली. १९६१ सालीं ती मागें घेईपर्यंत हजारों मुलें हातापायांचीं व्यंगें घेऊन जन्मास आलीं होतीं. त्यानंतर औषध बाजारांत आणण्यापूर्वीं त्याची परीक्षा किती बाजूंनीं करावी, याचे नियम जगभर कडक झाले.

याखेरीज इस्पितळांतील व दुकानांतील प्रत्यक्ष व्यवहाराचा एक विभाग असतो, आणि औषधांच्या कायद्याचा स्वतंत्र विषय असतो. पूर्वींचें शिक्षण हातापुरतें होतें. आतां तें जिभेपर्यंत आलें आहे. रोग्याशीं कसें बोलावें, जेवणाआधीं कीं नंतर, अर्धवट सोडल्यास काय होईल, हें समजावून सांगणें हा शिक्षणाचा भाग झाला. १९९१ च्या नियमांप्रमाणें पदविकेच्या पहिल्या वर्षीं सहा व दुसऱ्या वर्षीं सहा असे बारा विषय ठरले. नुसत्या पुस्तकावर भागत नाहीं म्हणून परीक्षेनंतर निदान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचें प्रत्यक्ष काम करावयाचें, आणि त्यांतले निदान २५० तास खऱ्याखुऱ्या चिठ्ठ्यांवरून औषध देण्यांत घालवावयाचे, असा दंडक घातला. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. उमेदवारी टाकून शाळा आली, पण शाळेनें उमेदवारीला अजिबात हांकून दिलें नाहीं; तिला आपल्या घरांत शेवटची खोली दिली. २००८ पासून फार्म. डी. नांवाचा सहा वर्षांचा अभ्यासक्रमहि आपल्या देशांत निघाला आहे. त्यांत विद्यार्थी डॉक्टरबरोबर रोग्याच्या खाटेपर्यंत जातो.

कोणी म्हणेल, “गुरुजी, आतां गोळ्या कारखान्यांतून तयार होऊन येतात. मिश्रण करणारा कंपाउंडर गेला, खल गेला, कागदाची पट्टी गेली. मग एवढी विद्या कशाला?” हा प्रश्न वरवर बरोबर आहे. परंतु चुका नाहींशा झालेल्या नाहींत. त्यांनीं घर तेवढें बदललें आहे. कांहीं कारखान्यांत गेल्या, आणि तेथें रसायनाचा विद्यार्थी पाहिजे. उरलेल्या दुकानाच्या फळीवर आहेत, आणि तेथें जाणता माणूस पाहिजे.

या फळीवरचीच एक गोष्ट सांगतों. थोड्या दिवसांपूर्वीं मी एका दुकानांत रक्तदाबाच्या गोळ्या घ्यावयास गेलों. फळीवर एक चुणचुणीत मुलगा होता. त्यानें दिलेल्या पाकिटावरचें नांव चिठ्ठींतील नांवासारखें होतें, पण तेंच नव्हतें; शेवटचीं दोन अक्षरें निराळीं होतीं. मीं दाखवितांच त्यानें हंसत पाकीट बदललें. भिंतीवर कांचेच्या चौकटींत फार्मासिस्टाचें प्रमाणपत्र टांगलेलें होतें. मीं विचारलें, “हे गृहस्थ कोठें आहेत?” मुलगा म्हणाला, “ते नसतात.” श्रोतेहो, या दोन शब्दांनीं मला माझ्या लहानपणच्या दवाखान्यांत नेऊन उभें केलें. फरक एवढाच कीं, आमच्या कंपाउंडरला कोणी शिकविलें नव्हतें. येथें शिकलेला माणूस होता, पण तो चौकटींत होता. आपण शंभराहून अधिक वर्षें खटपट करून, प्राण वेंचून जी शाळा उभारली, तिचें फळ भिंतीवर टांगून ठेवणें म्हणजे ती शाळा पुन्हां बंद करण्यासारखेंच आहे.

याला उपाय सरकारच्या हातीं आहे, तसा आपल्याहि हातीं आहे. औषध घेतांना ‘फार्मासिस्ट आहेत का?’ असें नम्रपणें विचारावें. चिठ्ठीवरचें व पाकिटावरचें नांव अक्षरन् अक्षर जुळवून पाहावें. पातळ औषध असेल तर हलवावें कीं नाहीं, गोळी असेल तर केव्हां घ्यावी, हें विचारल्यावांचून दुकानाची पायरी उतरूं नये. विचारणाऱ्यांची संख्या वाढली म्हणजे उत्तर देणाऱ्याला फळीवर येऊन उभें राहावेंच लागेल. आणि ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी फार्मसी शिकत आहे, त्या घरच्या वडील माणसांना माझें सांगणें असें कीं, “दुकान टाकतां येईल” एवढ्यासाठींच ही विद्या आहे असें त्या मुलाच्या मनावर ठसवूं नका. डॉक्टर व रोगी या दोघांच्या मधोमध उभें राहून दोघांचीहि चूक अडविण्याचें काम त्याच्या वांट्याला आलेलें आहे.

माझी आजी आज नाहीं. असती तर तिला त्या विभागांत नेऊन तो धडा दाखविला असता, आणि सांगितलें असतें कीं, “आजी, चूक तुझी नव्हती, तुला सांगणाऱ्याला कोणी शिकविलें नव्हतें.” तें सांगणें तिच्या बाबतींत राहून गेलें. आपल्या घरांतील आजीवर तसा प्रसंग न येवो, इतकीच माझी इच्छा आहे.